आधी कच्च्या कागदावर

माझं पोट लोकांना बोलतं करण्यावर चालतं. फ्रीलान्स पत्रकार ना! आपण एक प्रश्न टाकायचा, मान डोलवायची, समोरचा सुरू होतो. त्यामुळे जिथे मी मास कम्युनिकेशन केलं, त्या कॉलेजातून ‘ज्युनिअर्सशी अर्धा तास बोलशील?’ असा फोन आला, तेव्हा मी बिनधास्त हो म्हणून टाकलं. अर्धा तास? त्यात काय एवढं!

चोवीस स्लाइड्स केल्या. झकास फॉन्ट, झकास फोटो. नवा कुर्ता. आणि पेन ड्राइव्ह राहिला घरी, टेबलावर.

समोर साठेक पोरं. तोंडाला कोरड. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसरं आलंच नाही. मला जे काही म्हणायचं होतं, ते सगळं स्लाइडवर होतं. डोक्यात काहीच नव्हतं. आठव्या मिनिटाला ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणून मी सुटका करून घेतली. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘संपलं पण?’

रिक्षात बसल्यावर ठरवलं, माइक या वस्तूशी आपली कायमची कट्टी.

पण मैत्रिणी कशासाठी असतात? माझी आयटीवाली मैत्रीण एका शनिवारी मला ओढत टोस्टमास्टर्सच्या मीटिंगला घेऊन गेली. नाव ऐकून वाटलं, नाश्त्याची सोय असेल. नव्हती. ही मुळात १९२४ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात राल्फ स्मेडली या गृहस्थांनी सुरू केलेली मंडळी. आता जगभर क्लब आहेत. फंडा साधा आहे. इथे कोणी सर नाही, मॅडम नाही. सगळे शिकाऊ, एकमेकांसमोर उभं राहून बोलायचं. ‘टेबल टॉपिक्स’मध्ये विषय आयत्या वेळी मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. वेळ सांगायला हिरवा, पिवळा, लाल दिवा, अगदी सिग्नलसारखा. आणि एकजण ‘आ काउंटर’. तुम्ही किती वेळा ‘अं’, ‘म्हणजे’, ‘यू नो’ केलंत हे मोजायचं, एवढंच त्याचं काम!

मला विषय आला ‘पाऊस’. मी हिरव्या दिव्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. पन्नास सेकंदांत अकरा वेळा ‘ॲक्चुअली’.

पण एक गोष्ट झाली. मी पडले आणि कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढच्या शनिवारी पडायची पाळी त्यांची होती. म्हणून मी परत गेले. मग परत. ‘ॲक्चुअली’ अकरावरून सहावर आलं, मग दोनवर. हात कुठे ठेवायचे ते कळलं. मला वाटलं, जमलं की बॉस!

मग मी पहिलं मोठं भाषण केलं. विषय: यश. नेटवरचा जोक, एका उद्योगपतीचं वाक्य, शेवटी ‘उठा, जागे व्हा’ टाइप दणदणीत एंडिंग. एकदाही अडखळले नाही. जोकवर मात्र कोणीच हसलं नाही. भाषण तपासायला एक निवृत्त काका होते. ते म्हणाले, ‘छान बोललात. फक्त तुम्ही त्यात कुठे दिसला नाहीत.’

दोन दिवस राग होता. मग कपाटातलं गांधीजींचं आत्मचरित्र पुन्हा काढलं, कारण त्यातला एक किस्सा अंधुक आठवत होता. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन १८९१ मध्ये परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांची पहिली केस. फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि पाय लटपटायला लागले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि फी परत केली. हाच माणूस १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांसमोर धंद्यातल्या सचोटीवर बोलला. ते आयुष्यातलं आपलं पहिलं भाषण, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. दोन वर्षांत धीट झाले असतील, मान्य. पण मला वाटतं, प्रिटोरियात त्या माणसांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे स्वतःचं काहीतरी होतं.

माझ्याकडे काय होतं?

याचं उत्तर आईच्या निरोप समारंभात मिळालं. आई पोस्टात होती. आयुष्यभर काउंटर सांभाळला. निवृत्तीच्या आठवडाभर आधी म्हणाली, ‘माझ्या वतीनं तूच दोन शब्द बोल गं. मला चार माणसांत नाही जमायचं.’

मला हसूच आलं. कारण माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी भाजी निवडताना हीच बाई काउंटरवरची अख्खी रांग आवाजांसकट उभी करायची! मी तिथेच, ओट्याशी बसून गोष्टी ऐकायला शिकले होते, आणि यश शोधायला नेटवर गेले होते.

मी एकच गोष्ट निवडली. सुट्टीत मी तिच्यासोबत ऑफिसात गेले होते तेव्हाची. एक आजोबा पैसे काढायला आले. हात थरथरत होता, स्लिपवरची सही जुळेना. मागे रांग वैतागलेली. आईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक पाठकोरा कागद पुढे सरकवला. ‘घाई नाही, आजोबा. आधी कच्च्या कागदावर करून बघा.’

घरी सहा वेळा म्हणून पाहिलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. पाठ केलं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. समारंभात सुरुवात मस्त झाली. ‘...आणि तिसरी सही जुळली,’ असं म्हटलं आणि पुढचं गायब! पूर्वीची मी असते तर ‘ॲक्चुअली’ची माळ लावली असती. या वेळी गप्प राहिले. श्वास घेतला. दोन सेकंद, तीन सेकंद...

तेवढ्यात खुर्चीतून आईचा आवाज. ‘तिसरी नाही गं. चौथी जुळली.’

सगळा हॉल हसला. मी माइक तिच्या हातात दिला. आणि चार माणसांत न जमणारी माझी आई शंभर माणसांसमोर पाच मिनिटं बोलली. आजोबा नंतर दर महिन्याला येऊन आधी कच्चा कागद कसे मागायचे, रांगेतल्या एका बाईंनी त्यांना आपलं पेन कसं देऊन टाकलं... आवाजांसकट. ‘अं’ एकही नाही. मी मोजत होते, सवयच लागलीय.

माझं ठरवलेलं शेवटचं वाक्य राहूनच गेलं. काही बिघडलं नाही.

तेव्हा पुढच्या महिन्यात तुमचं प्रेझेंटेशन असेल आणि पोटात गोळा आला असेल, तर आधी स्लाइड्स उघडू नका. त्या कामात तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग शोधा आणि जेवताना घरच्यांना सांगून बघा. फसला, तर उद्या परत सांगा. मी येत्या शनिवारी पुन्हा क्लबात उभी राहणार आहे. कॉलेजचाही फोन आलाय, परत बोलावलंय. या वेळी पेन ड्राइव्ह मुद्दाम घरी ठेवणार आहे.