कडबा गेला, गायरान गेले. आता उपदेश तेवढा उरला

एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या जनतेला मिरजेहून आगगाडीने आणलेले पाणी प्यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके, दावणीची जनावरे आणि शेतातील माती वाहून नेली. हवामान बदलले आहे, याविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो या बदलाचा भार कोणी वाहायचा याविषयी. सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: शेतकऱ्याने ‘हवामान अनुकूल’ व्हावे. त्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रकल्प निघतात, ठिबक आणि शेडनेटला अनुदाने मिळतात. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याजवळ अवर्षणाशी झुंजण्याची जी व्यवस्था होती ती कोणी मोडली, हा प्रश्न त्यांच्या अहवालांत येत नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

ती व्यवस्था शेत आणि गोठा यांच्या परस्परावलंबनावर उभी होती. रब्बीची मालदांडी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. तिचे दाणे माणसाला, कडबा जनावराला. जनावराचे शेणखत पुन्हा रानाला आणि त्या खतामुळेच जमिनीत ओल टिकते. पीक बुडालेच तर उस्मानाबादी शेळी विकून घर तगते. लाल कंधारी आणि देवणी ही गुरे याच उन्हात घडलेली. हा खरा पीकविमा होता आणि त्याचा हप्ता कोणत्याही कंपनीच्या तिजोरीत जात नव्हता.

त्यावर पहिला घाव धोरणाने घातला. राज्याच्या लागवडीपैकी अल्पशा क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पितो. रेशनवर गहू-तांदूळ येतात. ज्वारीचा हमीभाव कागदावर राहतो. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, पण त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ‘पीक निवडणे हा शेतकऱ्याचाच निर्णय’ असे सांगणाऱ्यांना आमचा सवाल आहे: एका पिकाला कायद्याने ठरलेला दर आणि दाराशी कारखाना, दुसरे पीक व्यापाऱ्याच्या मर्जीवर, याला स्वातंत्र्य म्हणायचे काय?

दुसरा घाव गायरानावर. शेतकऱ्यांची चराऊ राने सरकारी जंगलखात्याने गिळल्याची तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली होती. आज उरलीसुरली गायराने धनदांडग्यांच्या अतिक्रमणात आणि सौरऊर्जेच्या प्रकल्पांत जात आहेत. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. पण तिची किंमत भूमिहीन बाईच्या दोन शेळ्यांनी का द्यावी?

तिसरा घाव २०१५ चा. गाईच्या कत्तलीवर बंदी आधीच होती. त्या वर्षी बैल आणि वळूही बंदीखाली आले, तेही ऐन दुष्काळात. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घेणे हा शेतकऱ्याचा शिरस्ता होता. जे जनावर विकता येत नाही ते पाळणे गरिबाला परवडत नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १५५ लाख गोवंश होता. २०१९ मध्ये तो सुमारे १४० लाखांवर आला. ही घट केवळ कायद्याने झाली असे नव्हे. ट्रॅक्टर आणि चाराटंचाई हीही कारणे आहेत. पण गोरक्षणाचा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीत गोवंशच घटला, हे तिने मान्य करावे.

छावण्या हा यावरचा उपाय नव्हे. छावणी उघडते ती चारा संपल्यावर आणि पाऊस पडताच बंद होते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्वारी-बाजरीची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी आणि तेच धान्य रेशनवर. प्रत्येक मंडलात सरकारी कडबा-कोठार. कसणाऱ्या भूमिहीनांना न उठवता धनदांडग्यांच्या ताब्यातील गायराने मोकळी करून ग्रामसभेच्या हाती. शेळ्या-मेंढ्यांसह पशुधनाची नुकसानभरपाई. आणि भाकड बैल विकण्याचा हक्क. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत गायरानाचा सातबारा मागून या कामाला आरंभ करावा. आभाळ आपल्या हाती नाही. गायरान कोणाच्या हाती असावे, हे मात्र लढ्यानेच ठरेल.