रिपोर्ट नॉर्मल, म्हणून काय झालं?

कोकेनची तरफदारी करणारे हल्ली नशेचे गोडवे गात नाहीत. त्यांचा पूर्वपक्ष वैद्यकीय थाटाचा असतो: कोकेनने भूक मरते, वजन आटोक्यात राहतं, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल येतो, तेव्हा पोट सुटलेल्यांनी आम्हाला आरोग्य शिकवू नये. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, म्हणूनच तो नीट खोडायला हवा.

त्यातलं खरं आधी मान्य करू. कोकेनने कोलेस्टेरॉल हमखास वाढतं असं व्यासपीठावरून ठोकून देणारे चुकतात. नियमित कोकेन घेणाऱ्यांच्या रक्तातल्या चरबीबद्दलचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. शिवाय खोटी भीती पहिल्याच नॉर्मल रिपोर्टसरशी उडून जाते आणि जाताना खऱ्या भीतीलाही घेऊन जाते.

'भूक मरते म्हणून बारीक' हे मात्र टिकत नाही. क्षणापुरती मरते, हे कबूल. पण केंब्रिज विद्यापीठातल्या कॅरेन एर्शे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कोकेनच्या आहारी गेलेल्या पुरुषांची इतरांशी तुलना केली, तेव्हा हे पुरुष उलट जास्त खाताना आढळले, तेही चरबीयुक्त आणि पिष्टमय. तरी त्यांच्या अंगावर चरबी कमी होती. चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरकही कमीच. शरीराची चरबी साठवण्याची व्यवस्थाच बिघडली असावी, असा याचा अर्थ निघतो. याला डाएट म्हणायचं, तर क्षयाने वाळलेल्या माणसालाही डाएटवर आहे म्हणावं लागेल.

यामागची यंत्रणा फारशी गूढ नाही. चेतापेशींनी सोडलेलं नॉरअॅड्रेनलिन कोकेन त्यांना परत शोषू देत नाही. शरीर जणू संकटात सापडल्यासारखं वागतं: साठलेली चरबी फुटून मेदाम्लं रक्तात उतरतात, यकृत साखर सोडतं, इन्सुलिनचा स्राव दबतो. मधुमेह्यांमध्ये हे उघडच दिसतं. कोकेन घेणारे मधुमेही कीटोअॅसिडोसिसने, म्हणजे रक्तात आम्लधर्मी कीटोन साचल्याने, पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. (नशेत इन्सुलिनचं इंजेक्शन चुकतं, हेही एक कारण आहेच.)

राहिला वजनकाटा. त्याची साक्ष किती कच्ची असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. त्या नोंदीचा कोकेनशी काही संबंध नाही. पण मुंबई-पुण्यात 'मी बारीक आहे' म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने तरी ती वाचावी.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलचा तो रिपोर्टही, इथे चुकीचा साक्षीदार आहे. कोकेनने हृदयाच्या धमन्या आवळतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतात. यातलं काहीही त्या कागदावर उमटत नाही. अमेरिकेत मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात हार्ट अॅटॅकचा धोका सुमारे २४ पट होतो. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन तयार होतं आणि ते कोकेनपेक्षा जास्त वेळ शरीरात टिकतं.

मग आपलं म्हणणं काय? चयापचयाची ही मोडतोड उपचारात धरली पाहिजे. कोकेन सुटल्यावर खाण्याची सवय तीच राहते, साठवण मात्र पुन्हा सुरू होते, आणि वजन झपाट्याने वाढू शकतं. आरशात ते पाहून खचलेला माणूस पुन्हा पुडीकडे वळू शकतो. त्याला 'मनोबल कमी' म्हणून हिणवणं सोपं आहे. त्याऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतानाच त्याचं वजन, कंबरेचा घेर, साखर आणि ट्रायग्लिसराइड मोजून ठेवावेत, वजन वाढू शकतं हे आधीच सांगावं, आणि पहिल्या आठवड्यापासून समुपदेशकाबरोबर आहारतज्ज्ञही त्याच्याशी बोलावा.