दुसऱ्याचा गाल पुढे करता येत नाही

'ख्रिस्ती माणसाने अन्यायाविरुद्ध भांडू नये, देव बघून घेईल.' हे मत आपल्या प्रार्थनासभांतून आणि सांत्वनाच्या भेटींतून इतक्या वेळा सांगितले जाते की ते शुभवर्तमानातलेच वचन असावे, असे भल्याभल्यांना वाटू लागले आहे. ते शुभवर्तमानात कुठेही नाही. उलट शास्त्राच्या पानापानावर त्याच्या विरुद्ध साक्ष आहे, आणि या मतामुळे आपल्या डोळ्यांदेखत गरिबांचे नुकसान होत आहे. म्हणून त्याचे खंडन व्हायला हवे.

पण आधी समोरच्यांची बाजू पुरत्या ताकदीने मांडू. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करायला सांगितले. पौलाने रोमकरांस लिहिले की सूड आपण घेऊ नये, तो देवाचा अधिकार आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायलाही सांगितले. सर्वांत मोठा दाखला खुद्द प्रभूचा. पिलातापुढे त्याने वकील दिला नाही, अपील केले नाही, मुकाट्याने क्रूस उचलला. मग त्याच्या अनुयायाने मोर्चात का जावे? याचिका का कराव्यात? जो कोर्टाची पायरी चढतो त्याचा देवाच्या न्यायावर विश्वास नाही, असा हा युक्तिवाद. तो मांडणारे सगळे ढोंगी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात खूप सोसले आहे, आणि सोसण्याला अर्थ असावा ही त्यांची तळमळ खरी आहे.

पेण आणि रोह्याच्या मधल्या कासूसारख्या गावातून पाहिले की मात्र हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. कासूला थांबणारी दिवा-रोहा गाडी वाटेत तळोज्यावरून येते. त्या तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात, ऑक्टोबर २०२० मध्ये एका ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंना आणून ठेवले. फादर स्टॅन स्वामी. तमिळनाडूत जन्मलेल्या आणि झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेल्या या माणसाला ८ ऑक्टोबरला रांचीत अटक झाली. भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. त्यांना कंपवात होता. थरथरत्या हातात पेला धरता येत नाही म्हणून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेला २० दिवसांची मुदत मिळाली. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितले, आणि ५ जुलै २०२१ रोजी, त्यांचा जामीनअर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच, ते गेले. खटला उभाच राहिला नाही. त्यांच्यावरचा आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही आणि आता कधी होणारही नाही.

त्या वेळी आपल्यातल्या कित्येकांनी काय केले? मेणबत्त्या लावल्या, हे चांगले केले. पण 'फादरांनी राजकारणात पडायलाच नको होते' असेही म्हटले. ज्यांनी असे म्हटले त्यांना मी विचारतो: ते कशात पडले होते? झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना पडलेल्या आदिवासी तरुणांची त्यांनी पाहणी केली आणि त्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली. स्वतःच्या वाट्याला तुरुंग आला तेव्हा त्यांनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. आतून पाठवलेल्या पत्रांत ते बरोबरच्या गरीब कैद्यांबद्दलच लिहीत राहिले. स्वतःचे दुःख त्यांनी सोसले आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी दावा लावला, आणि या दोन्हींत त्यांना विसंगती वाटली नाही.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. गाल माझा असेल तर तो पुढे करण्याचा निर्णय मी घेऊ शकतो. तो मोठेपणा आहे, आणि येशू तेच शिकवतो. पण वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईचा गाल मला पुढे करता येत नाही. तो अधिकार मला कोणी दिलेला नाही. स्वतःवरचा अन्याय सोडून देणारा क्षमाशील असू शकतो. दुसऱ्यावरचा अन्याय परस्पर सोडून देणारा अन्यायाचा भागीदार होतो. 'देव बघून घेईल' म्हणणारे हा भेदच पुसून टाकतात.

आता त्यांचे दाखले तपासू. योहानाच्या शुभवर्तमानात हन्नापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. तेव्हा ज्याने गालाची शिकवण दिली त्यानेच त्या शिपायाला जाब विचारला: माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून दे, आणि बरोबर असेल तर मला का मारतोस? त्याने उलट हात उचलला नाही, पण मारणे चूक आहे हे मारणाऱ्याच्या तोंडावर सांगितले. गालाच्या शिकवणीवर याहून अधिकृत भाष्य कोणते असणार?

पौलाचेही तसेच. फिलिप्पैत त्याला फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले. तो जाईना. आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून आम्हाला चारचौघांत मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले, आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. रोमकरांस पत्र लिहिल्यानंतर थोड्याच काळात यरुशलेमेत त्याला पकडले, तेव्हा चाबकाखाली जाण्याआधी त्याने नागरिकत्वाचा हक्क सांगितला, आणि पुढे सुभेदार फेस्तापुढे थेट कैसराकडे अपील केले. ज्याने सूड देवावर सोपवला आणि सत्तेच्या अधीन राहायला सांगितले, त्यानेच सत्तेला तिच्या कायद्याची आठवण करून दिली. कारण रोमकरांस पत्राच्या त्याच तेराव्या अध्यायात सत्ता ही चांगल्याच्या रक्षणासाठी देवाची सेवक आहे असे तो म्हणतो. सेवक काम चुकवत असेल तर त्याला काम कर म्हणणे ही बंडखोरी कशी ठरते?

नाबोथाची कथा तर पेण तालुक्यात वेगळी समजावून सांगायची गरजच नाही. राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने योग्य मोबदला देऊ केला, बदल्यात चांगला मळाही. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेलने वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले आणि सगळे 'कायदेशीर' पार पडून नाबोथ दगडांखाली मेला. तेव्हा देवाने संदेष्टा एलीयाला नाबोथाच्या घरच्यांकडे सांत्वनाला पाठवले नाही. राजाकडे पाठवले, त्याच मळ्यात, जाब विचारायला. पेणमध्येही प्रश्न जमिनीचाच होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमत घेतले गेले. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या आंदोलनाने ते सरकारला घ्यायला लावले होते. गावकरी रांगा लावून आले आणि तो सेझ तिथे झाला नाही. त्या रांगांत ख्रिस्ती माणसे जवळजवळ नव्हतीच. पण त्या आगरी शेतकऱ्यांच्या तोंडी नाबोथाचेच उत्तर होते, आणि नाबोथाची कथा दर दोन वर्षांनी मिस्सात ऐकणारे आपण बहुतेक घरीच होतो. याची मला लाज वाटते.

याच पट्ट्यातले कातकरी पावसाळा सरला की उचल घेऊन कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत हिशेब मालकाच्या वहीत. मजुराची थकवलेली मजुरी आरोळी मारते आणि ती देवाच्या कानी पोहोचते, असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे. ती देवाच्या कानी पोहोचते यावर माझा विश्वास आहे. प्रश्न असा की ती आपल्या कानी पोहोचते का.

'देव बघून घेईल' याच्याच पोटी दुसरे एक मत आलेले आहे: दुःख भोगणाऱ्याने काहीतरी पाप केले असणार, ही देवाची शिक्षा आहे. करोनाच्या काळात ते फार ऐकू आले. येशूने याला दोनदा स्पष्ट नकार दिला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे तो म्हणाला. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कोणाचे, याचे की आईबापांचे' असे विचारले, तेव्हा 'कोणाचेही नाही' हे उत्तर मिळाले. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाला त्याचेच पाप कारण ठरवले आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. पीडिताला दोषी ठरवणारे धर्मज्ञान शास्त्रानेच फेटाळले आहे.

आता उलट बाजूच्या चुकीकडे वळतो. देवाचा न्याय आपल्या हाताने घडवायला निघालेले लोकही आपल्याच इतिहासात आहेत. शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही तेव्हा याकोब आणि योहान यांना आकाशातून आग पाडायची होती. येशूने त्यांना धमकावले. तो धडा चर्च विसरले. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशन चालले आणि देवाच्या नावाने माणसांना कोठड्यांत टाकले, जाळले. हे लपवून न्यायावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. पौलाने सूड देवावर सोपवला तो यासाठीच. माणसाच्या हाती न्याय मागणे, न्याय करणे, पीडिताला उभे करणे एवढे राहते. शेवटचा हिशेब त्याच्या हाती नाही. हा आपल्या विश्वासातला सर्वांत मोकळे करणारा भाग आहे: शेवटचा निवाडा माझ्यावर नाही, म्हणून मी द्वेषाशिवाय लढू शकतो.

हे शक्य असते याचा पुरावा आहे. २२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्री ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना १० आणि ६ वर्षांच्या मुलांसह गाडीत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या बारीपाड्याच्या कुष्ठसेवेत पुढेही काही वर्षे राबल्या. खटला मात्र चालला, मुख्य आरोपी दारा सिंगला शिक्षा झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. त्यांची क्षमा त्यांच्या मनाची होती. कायद्याचे काम कायद्याचे होते. एकाने दुसऱ्याला अडवले नाही.

मराठीतही ही परंपरा आहे, ती आपण फोटोला हार घालण्यापुरती ठेवली. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या रुग्णालयात बायकांची जी विटंबना होत होती ती 'बॉम्बे गार्डियन'मधून जाहीर मांडली. सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट चिडले, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून वसईची शेती आणि पाणी वाचवण्यासाठी धनदांडग्यांशी टक्कर घेतली. 'सुबोध बायबल' लिहिणारे आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले तेच दिब्रिटो. बायबल आणि मोर्चा यांत त्यांना भिंत दिसली नाही.

आणि बाहेरच्या अन्यायावर बोलताना घरचा झाकू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या बाहेर राहिले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये आत घेतले गेले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. यावर आपण सरकारकडे दाद मागतो, मागायलाच हवी. पण लग्न जुळवताना आपल्याच घरांत जात विचारली जाते, त्यावर किती धर्मगुरू वेदीवरून बोलतात?

एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिक होईल: स्टॅन स्वामींना देवाने न्याय दिला का? या जगात नाही दिला. ख्रिस्ती विश्वास असा दावा करतच नाही की इथेच सगळे चुकते होते. तो पुनरुत्थानाची आशा धरतो. पण प्रकटीकरणाच्या पुस्तकात वेदीखाली असलेले हुतात्मे स्वर्गातही देवाला विचारतच राहतात, 'अजून किती वेळ?' त्यांना कोणी अविश्वासू म्हणत नाही. न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेची गोष्ट येशूने प्रार्थनेचा धडा म्हणूनच सांगितली. मागत राहणे हीच त्या धड्यातली प्रार्थना आहे. फादर स्टॅन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून येशूसंघाचेच फादर फ्रेझर मस्कारेन्हस यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, तीही मला प्रार्थनाच वाटते.

शेवटच्या न्यायाचे चित्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तिथे विचारले जाते: मी तुरुंगात होतो, तू आलास का? म्हणून रायगड आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक धर्मग्रामाला माझी एकच विनंती आहे. तळोज्यात असे कच्चे कैदी असतात की जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. हा कायदा वापरायला वकील लागतो, कागद लागतात, सही करणारा माणूस लागतो. धर्मग्रामाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, नावे मागावीत आणि धर्म न विचारता निदान एका कैद्यासाठी जामीनदार उभा करावा. येत्या ५ जुलैला फादर स्टॅन यांच्यासाठी मिस्सा ठेवणार असाल, तर त्याआधी हे काम करा.