रांगेचे पैसे कोणाला?

अमेरिकेत लहान मुलं घेऊन राहणाऱ्या मराठी माणसाला घरून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "मुलांना डिस्नी दाखवलंत की नाही?" ग्रँड कॅन्यन राहिलं तरी चालतं, वॉशिंग्टनच्या म्युझियमांबद्दल तर कोणी विचारतही नाही. पण तो एक मोठा पार्क राहिला म्हणजे मुलांवर घोर अन्याय झाला, असा एकूण सूर असतो. मग आपण जातो, फोटो पाठवतो, आणि पुढचा प्रश्न येतो, "मज्जा आली?"

आली. ती येतेच. पण फोटोत जे येत नाही त्याबद्दल आज लिहायचं आहे. थीम पार्कातला दिवस हा मुख्यतः रांगेतला दिवस असतो. तीन-चार मिनिटांच्या राइडसाठी चाळीस-पन्नास मिनिटं उभं राहायचं, असं दिवसातून सात-आठ वेळा करायचं, आणि अगदी नंबर जवळ आला की कोणाला तरी शूला न्यायचं, हा खरा कार्यक्रम. माझी पीएचडी नेटवर्कमधल्या डेटाच्या रांगांवर आहे. त्यामुळे मी सुटीवर नसून ऑफिसच्याच कामावर आलो आहे, असं बायकोचं ठाम मत होतं.

आमचा जथा असा: आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक, तीन वर्षांचे चिरंजीव, आणि सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. पार्क फ्लोरिडातला होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते इथल्या बहुतेक सगळ्या मोठ्या पार्कांना लागू आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. रांग हे या लोकांनी शास्त्र म्हणून हाताळलेलं आहे. रांग नागमोडी असते, म्हणजे तिची पूर्ण लांबी एकदम दिसत नाही आणि माणूस सतत चालत राहतो. भिंतींवर काहीतरी बघायला असतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातलं पहिलंच सूत्र असं की, रिकामा वेळ हा काहीतरी करण्यात गेलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो. दुसरं म्हणजे, किती वेळ लागणार हे आधी सांगितलं की तोच वेळ सुसह्य होतो. म्हणून प्रत्येक राइडबाहेर मिनिटांची पाटी. पोरांसाठीही विचार केलेला असतो. उंचीची पट्टी असते, आणि धाकटा ४० इंचांच्या पट्टीखाली राहिला (राहिलाच, आणि त्याने भोकाड पसरलं) तर एक पालक त्याच्यापाशी थांबतो, दुसरा मोठ्या मुलाला घेऊन जातो, आणि नंतर पहिल्याला पुन्हा रांग न लावता बसता येतं. ही सोय फुकट असते. ज्याने कोणी ती शोधली त्याला घरी लहान मुलं असणार!

आता मुद्द्याचं. प्रत्येक मोठ्या राइडला दोन दारं असतात. एक आपलं. दुसरं, तिकिटावर आणखी पैसे भरलेल्यांचं. डिस्नीत त्याला लायटनिंग लेन म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये एक्स्प्रेस. दोन्ही रांगा पुढे एका ठिकाणी मिळतात. तिथे एक कर्मचारी उभा असतो. तो त्या रांगेतले पुष्कळ लोक सोडतो, मग आपल्यातले थोडे सोडतो, मग पुन्हा त्यांच्यातले पुष्कळ. आम्ही त्या संगमापाशी उभे असताना लेकीने विचारलं,

"बाबा, ते लोक आत्ता आले ना? मग पुढे का चाललेत?"

"त्यांनी जास्त पैसे दिलेत, बेटा."

तिने जरा विचार केला. "कोणाला? आपल्याला?"

बायको हसली, मी हसलो. पण रांगेत उभं राहिल्यावर विचार करण्याशिवाय दुसरं काम नसतं, आणि मला जाणवलं की पोरीने विषयाच्या मुळावर बोट ठेवलंय. आम्ही विषय शिकायला पाच वर्षं घेतली होती.

हिशोब करून बघा. समजा, एका राइडवर तासाला १२०० माणसं बसतात आणि तुमच्या पुढे ३६० माणसं आहेत. रांग एकच असेल तर तुमचा नंबर १८ मिनिटांत लागतो. आता समजा, दर दहा जागांपैकी सात जागा दुसऱ्या दाराला दिल्या. तुमच्या रांगेला तासाला ३६० जागा उरल्या. पुढे माणसं तेवढीच, पण आता लागतो एक तास. तुमच्या पुढचे काही जण पैसे भरून तिकडे गेले तर तुमची रांग थोडी आखूड होईल, हे मान्य. पण एकूण बेरीज बदलत नाही. लेनर्ड क्लाइनरॉक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे गणिताने सिद्ध केलेलं आहे. राइडचा वेग तोच असेल तर कोणाला पुढे सोडायचं याचे नियम कितीही बदला, सगळ्यांचं मिळून थांबणं तेवढंच राहतं. एकाची जितकी मिनिटं वाचतात, तितकी दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर बसतात.

म्हणजे दुसऱ्या दारात विकला जाणारा माल काय, तर पहिल्या दारातल्या लोकांचा वेळ. आणि ज्याचा वेळ विकला त्याला काय मिळतं? काही नाही. मला यात खटकतं ते हेच. श्रीमंताने पैसे खर्च करावेत, माझी हरकत नाही. पण माल माझा, गिऱ्हाईक त्याचं आणि गल्ला तिसऱ्याचा, हा कुठला व्यापार?

विमानाचं उदाहरण लगेच दिलं जातं. तिथेही बिझनेस क्लास असतो की! असतो, पण पुढच्या माणसाने पाय पसरले म्हणून माझं विमान उशिरा पोचत नाही. त्याने जादा जागेचे पैसे दिले, ती जागा त्याला मिळाली. उलट विमानात जिथे खरोखर माझा वेळ जातो, म्हणजे जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली जातात, तिथे अमेरिकेत कंपनीला आधी विचारावं लागतं की, मोबदला घेऊन मागे राहायला कोण तयार आहे? ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ च्या सुमाराला ही कल्पना मांडली तेव्हा लोक हसले. दहा वर्षांनी ती अमलात आली. ज्याचा वेळ घेतला त्याला पैसे द्यायचे, इतकी साधी गोष्ट.

"पण हे पहिल्यापासून असंच आहे, धंदा आहे तो," असंही कोणी म्हणेल. तसं नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालं तेव्हा प्रवेशाचे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे पैसे असत. त्याच वर्षी कुपनांची पुस्तकं निघाली, ए पासून पुढे अक्षरांची. १९५९ साली सर्वांत भारी राइडसाठी ई-तिकीट आलं. ते इतकं रुळलं की १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइडने आपल्या प्रवासाला ई-तिकिटाचीच उपमा दिली होती. त्या काळी खिशात जास्त पैसे असणाऱ्याला जास्त वेळा बसता यायचं, पण रांग एकच होती. १९८२ साली कुपनं गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. १९९९ मध्ये फास्टपास आला. ठरावीक वेळेचा कागद घ्यायचा आणि त्या वेळी परत यायचं. तो प्रत्येक तिकिटाला फुकट होता. फ्लोरिडात पैसे आले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. तिथे सुरुवात माणशी दिवसाला १५ डॉलरने झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी वरचा पास निघाला, वेळ न ठरवता केव्हाही पुढे जाण्याचा. तेव्हा त्याचा दर माणशी १२९ ते ४४९ डॉलर होता, पार्क आणि तारखेनुसार, आणि हे मूळ तिकिटाच्या वर. मूळ तिकीट तरी स्वस्त आहे का? डिसेंबर २०२२ मध्येच मॅजिक किंग्डमचं गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरला पोचलं होतं.

एकदा पुढे जाणं हा विकाऊ माल झाला की तो मिळवायला लोक काय करतील याचा नेम नसतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली होती की काही धनिक कुटुंबं अपंग व्यक्तींना पैसे देऊन बरोबर नेतात, कारण त्यांच्यासोबत सबंध कुटुंबाला रांगेतून सूट मिळे. त्याच वर्षी डिस्नीने नियम बदलले. मायकल सँडेल यांच्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या २०१२ च्या पुस्तकाची सुरुवातच रांगा मोडण्यापासून होते. त्यात ते सांगतात, काही पार्क अशा खास पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेतात, इतरांना राग येऊ नये म्हणून. म्हणजे काहीतरी चुकतंय हे मालकालाही कळतं!

बाबांना मी हे सगळं तावातावाने ऐकवलं. त्यांनी शांतपणे पाण्याची बाटली उघडली आणि म्हणाले, "शिर्डीला पैसे भरून पास मिळतो. तिरुपतीला तीनशे रुपयांचं विशेष दर्शन आहे. आपल्याकडे देवाच्या दारात चालतं, ते कार्टूनच्या दारात चाललं तर तुला एवढं काय लागलं? इथे निदान देव तरी नाही."

बोलण्यात तथ्य होतं. पण त्याच महाराष्ट्रात दुसरंही एक चित्र आहे. आषाढीला पंढरपुरात पददर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते, माणसं कित्येक तास उभी असतात. आणि पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते तेव्हा त्यांच्या शेजारी बसायचा मान रांगेतल्याच एका वारकरी जोडप्याला मिळतो. त्या जोडप्याची लायकी एकच, ते रांगेत उभे होते. रांगेला इतका मान देणारी दुसरी प्रथा मला तरी माहीत नाही. मुख्यमंत्री आयत्या वेळी आत येतात, हे खरं. पण रांगेचंही काही देणं लागतो, एवढी जाणीव तिथे आहे.

मग करावं काय? इंजिनिअर असल्यामुळे नुसतं रडून समाधान होत नाही. एक, जागा वाढवा. मॅजिक किंग्डममध्ये डम्बो या उडत्या हत्तींच्या पाळण्यापुढे वर्षानुवर्षं चिमुरड्यांची रांग असायची. २०१२ मध्ये त्यांनी एकाऐवजी दोन पाळणे केले आणि आत खेळायची जागा ठेवली. आईबापांच्या हातात पेजर द्यायचा, पोरांनी खेळायचं, पेजर वाजला की बसायचं. माझ्या मते रांगेवरचा हा सर्वोत्तम इलाज आहे, आणि तो त्याच कंपनीने केलेला आहे. दोन, जुन्या फास्टपाससारखी आगाऊ वेळ द्या, पण प्रत्येक तिकिटाला सारखी. तीन, विकायचंच असेल तर दुसऱ्या दाराला किती जागा दिल्या हे पहिल्या दारावर लिहा. ४५ मिनिटांच्या पाटीखाली दुसरी पाटी: 'यातली इतकी मिनिटं आम्ही विकली आहेत.' मग बघू किती दिवस विकतात.

असो. तुमच्यापैकी कोणी मुलांना घेऊन इकडे येणार असाल तर जरूर या. पार्क उघडायच्या आधी दारात हजर राहा, पहिल्या दीड-दोन तासांत गर्दीच्या राइड उरकून घ्या, दुपारी हॉटेलवर जाऊन पोरांना झोपवा आणि संध्याकाळी परत या. पुढे जाण्याचा पास घेतलात तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. आठ हजार मैलांहून जास्त उडून आलेल्या माणसाला एकच दिवस मिळतो, त्याचा नाइलाज मला समजतो. नाही घेतलात तर मुलांचं काही बिघडत नाही, एवढंही सांगतो. मुलांना पैशाची किंमत कळायला हवी, पण त्याला सगळं आयुष्य पडलं आहे. सहाव्या वर्षी आपला नंबर आणि दुसऱ्याचा नंबर, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.