आठ किलो कापूस

दिवाळीला घरी गेलो होतो. म्हणजे नेहमीचंच, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोला आणि तिथून काकांच्या गावी, दर्यापूरकडे. वेचणी जोरात होती. संध्याकाळी वावरात काटा लागला आणि मी वही घेऊन बसलो (आयटीवाल्याला गावी गेल्यावर हेच काम मिळतं). एका बाईच्या नावापुढे लिहिलं, अडतीस किलो. तिच्या मागे उभी असलेली नऊ-दहा वर्षांची पोरगी लगेच म्हणाली, "त्याच्यातले आठ किलो तं माये हायेत!"

चांगलीच खूश होती. पण वहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

शेतातली बालमजुरी कागदावर सापडत नाही ती अशी. मजुरी किलोवर, हिशोब आईच्या नावाने. उद्या कुणी तपासायला आलं तर आमची वही एकदम स्वच्छ. 'बेटर कॉटन'सारख्या योजनांच्या नियमांत बालमजुरी नको, हे आहेच. पण काट्याला हात दिसत नाहीत, वजन दिसतं.

कायद्यात शंकेला जागा नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. शेतीत सूट फक्त घरच्या कामात मदत करण्यापुरती, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि काम धोक्याचं नसेल तरच. आमचं वावर काही त्या पोरीच्या घरचं नाही. "आम्हीही लहानपणी वेचलाय की" हा युक्तिवाद मीही केलेला आहे. पण मी दोन दिवस हौसेने वेचला आणि घरी जाऊन चिवडा खाल्ला. पुढे माझी इंजिनिअरिंगची फी याच कापसातून गेली, हेही इथेच सांगून टाकतो.

काकांना विचारलं तर चिडले. "म्या थोडीच बलावलं तिले? मायसंगं येते. घरी कोनापाशी ठीवन थे तिले?"

मग मी मोबाईलवर आकडेमोड केली. दर किलोला दहा रुपये, म्हणजे पोरीचे ऐंशी. आईला एकटीच्या तीस किलोंत तेवढेच तीनशे ऐंशी मिळायचे तर दर पावणेतेराच्या आसपास हवा. क्विंटलमागे जास्तीचे सुमारे २७० रुपये. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१० रुपये, म्हणजे साडेतीन टक्के! म्हटलं, हा फरक मी देतो. काका म्हणाले, "अन् शेजारच्या वावरातलीचा?"

इथे माझं लॉजिक संपलं. एकट्या काकांनी दर वाढवला तर शेजारी भांडतील, आणि काकांना तर व्यापाऱ्याने हमीभावही दिला नव्हता. हे साडेतीन टक्के जिनिंगवाल्यापासून शर्ट विकणाऱ्या ब्रँडपर्यंत सगळ्यांनी वाटून घ्यायला हवेत. नुसती सर्टिफिकेटं मागून कसं चालेल? आणि पैशांनीही सगळं सुटत नाही, कारण "कोनापाशी ठीवन" हा प्रश्न खरा आहे. वेचणीच्या दिवसांत शाळा-अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहिली, तर अर्धं काम तिथेच होईल. मेळघाटातून कामाला उतरणाऱ्या कोरकू कुटुंबांच्या पोरांना तर गावातली शाळा ओळखतही नाही. त्यांची नावं आधी हजेरीपटावर यायला हवीत.

आंध्रात (आता तेलंगणात) शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशनने हे करून दाखवलंय. शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूरच, ही त्यांची व्याख्या. त्यांनी मालकांना शत्रू न मानता पालक, शिक्षक, पंचायत यांच्यासोबत बसवलं. सिन्हांना २००३ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते उगाच नाही.

आपल्याकडे बसायला जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात पाऊण सदस्य पालक. पुढच्या महिन्यात गावी जातोय, तेव्हा बैठक ठेवा असं मुख्याध्यापकांना फोनवर सांगितलंय. काकाही येतो म्हणालेत. जेवायची वेळ झाली की उठून जाईन, असंही म्हणालेत.