दोन रानांमधली जमीन

जुलैचा पहिला आठवडा वनमहोत्सवाचा. केंद्रीय मंत्री असताना कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतही नेमाने पार पडतो. खड्डे खणले जातात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात, आकडे जाहीर होतात. रोपे लावण्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण या पट्ट्यातल्या जंगलाचे दुखणे झाडांच्या संख्येत नाही. आहेत ती राने एकमेकांपासून तुटत चालली आहेत, हे खरे दुखणे आहे.

जुने ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसलेले. एका बाजूला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, आणि बेटाच्या मधोमध शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. येऊर हा त्याचा ठाणेकरांकडचा चेहरा. वसई खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य, त्याच्याही पुढे तानसा. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2015 मध्ये संरक्षण मिळाले आणि 2022 मध्ये रामसर दर्जा. एवढे रान कायद्याच्या छत्राखाली असणे ही मोठी कमाई आहे. मात्र हे छत्र हद्दीच्या दगडापाशी संपते आणि जनावराचे येणेजाणे तिथे थांबत नाही.

याचा पुरावा ‘आजोबा’ या बिबट्याने दिला. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून त्याला बाहेर काढले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरची वाट काढत, रस्ते, रूळ आणि पाणी ओलांडत तो राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. पुढे डिसेंबर 2011 मध्ये त्याच परिसरातल्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. त्याची वाट मात्र कोणत्याही विकास आराखड्यात उमटली नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्याच नागला ब्लॉकहून तुंगारेश्वरकडे जाताना वसई–दिवा लोहमार्ग आणि चिंचोटी–भिवंडी रस्ता आडवे येतात. घोडबंदर रस्त्यालगत इमारतींची रांग आता जवळजवळ अखंड झाली आहे. कल्याण–डोंबिवलीकडे बघा. मलंगगडाचे डोंगर, बारवीचे जंगल, डोंबिवलीच्या पक्षीप्रेमींनी जिवापाड जपलेली उंबार्लीची टेकडी. ही राने आहेत, पण सुटी सुटी. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेतल्या निवासी इमारतीत बिबट्या शिरला आणि काही माणसे जखमी झाली, तेव्हा ‘बिबट्या शहरात घुसला’ असे मथळे झळकले. शहर कुठवर घुसले आहे, याची मोजणी कोणी मांडली नाही.

मधली जमीन सांभाळणे हे आज कोणाचेच काम नाही. वन खाते, रेल्वे, महामार्ग, महापालिका आणि खासगी मालक असे तिचे अनेक धनी. प्रत्येक प्रकल्पाची परवानगी वेगळी, म्हणून प्रत्येक तुकडा किरकोळ वाटतो आणि बेरीज कोणाच्याच टेबलावर येत नाही. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाने यावर 1983 मध्ये उपाय काढला. तिथे जमीन-घराच्या खरेदीवर दोन टक्के शुल्क बसते आणि त्या पैशातून ‘लँड बँक’ मोकळ्या जमिनी विकत घेऊन लोकांसाठी राखते. बांधकामाच्या तेजीतूनच जमीन वाचवण्याचा पैसा उभा राहतो.

हे आपल्याला परके वाटू नये. ठाण्यात घर घेणारा मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार देतोच. माणसांच्या वाटेसाठी पैसा उभारता येतो, तर त्यातला लहानसा वाटा रानांच्या वाटेसाठी ठेवता येणार नाही काय? कायद्यातही सोय आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ आले; मालकांच्या किंवा गावाच्या संमतीने त्यांची जमीन तशी जाहीर करता येते. येऊरच्या पाड्यांवरच्या आदिवासींना हुसकावून रान जोडण्याचा विचार कोणी करू नये. 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेले हक्क मान्य करून, त्यांनाच राखणदार मानून ही जोडणी झाली तरच ती टिकेल. आणि रस्ता टळत नसेल, तर पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्गाखाली प्राण्यांसाठी बांधलेले मार्ग वाघही वापरतात, हा अनुभव समोर आहे.

तेव्हा यंदाच्या वनमहोत्सवात रोपांच्या आकड्याबरोबर आणखी एक यादी जाहीर व्हावी: ठाणे जिल्ह्यात दोन रानांना जोडणारी जमीन कोणत्या गावात, कोणत्या गट क्रमांकात आहे आणि तिच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे. जिल्हाधिकारी, वन खाते आणि महापालिकांनी मिळून ही यादी करावी, ती विकास आराखड्यात चढवावी आणि त्या गटांत बांधकामाची परवानगी देण्याआधी तिचा विचार बंधनकारक करावा. मोक्याच्या जागी इमारत उभी राहिली की पुढे कितीही रोपे लावली तरी तो दुवा परत मिळत नाही.