आजीची तेलाची बाटली

लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघालेल्या आजीच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांसोबत तेलाची बाटली असतेच. बाळाला न्हाऊमाखू घातलं की नाकात दोन थेंब. तुमच्याही घरी असंच चालतं का? मग जरा थांबा.

आयुर्वेद नाकाला डोक्याचं दार मानतो. त्या वाटेने औषध देणं म्हणजे नस्य. शरीरशास्त्र पाहिलं तर नाकाच्या छताशी चाळणीसारखं हाड असतं आणि त्याच्या भोकांतून वासाचे मज्जातंतू थेट मेंदूकडे जातात. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून काही औषधं इथून झटपट शोषली जातात. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘नेझोव्हॅक’ ही लस आणली, ती नाकातूनच द्यायची. सुई नाही, रडारड नाही!

पण याच वाटेला पुढे घसा लागतो आणि घशातून श्वासनलिका. तान्ह्या बाळाच्या नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तेलाने ठसका लागेलच असं नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही.

वाग्भटाने नस्यासाठी वय सांगितलंय, ७ ते ८०. एक-दोन थेंबांचं प्रतिमर्श नस्य मात्र त्याला जन्मापासून चालतं. इथे मी वाग्भटाचं नाही, बालरोगतज्ज्ञांचं ऐकेन.

बाळाचं नाक चोंदलं तर डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब घाला. आजीच्या तेलाला बाळाचे हातपाय आहेतच की.